चौदाव्या अंमलात दरवाजा बंद जाहला त्याची हकीकत

पृथ्वीवर थोर थोर राज्ये जाहली, कित्येक चढली, कित्येक बुडाली, आणि ज्यांनी ती स्थापिली त्यांनी उभ्या जन्मात एक, बहुत जाहले तर दोन स्थापिली. परंतु एकाच पुरुषाने एकाच खुर्चीत बसोन तीन वर्षांचे आत तेरा राज्ये स्थापावी, तेराही आपल्याच हाते बुडवावी, आणि चौदावे स्थापोन आता हे अखेरचे ऐसा पण करावा, हा पराक्रम कोणे काळी कोणी ऐकिला नाही. त्या पुरुषाची ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता लिहिली असे. राज्याचा विस्तार चार फूट लांब, दोन फूट रुंद. पैकी एक फूट इस्त्रीस जाणाऱ्या कपड्यांनी व्यापिला होता.

सदर पुरुष पेशाने चष्मेवाले. दुकानी बसोन लोकांस खुर्चीत बसवावे, एक डोळा झाकवावा, भिंतीवरील अक्षरे वाचवावी, आणि खालची ओळ वाचता न आली तर भिंग बदलावे, हा नित्यक्रम. घरी सासूबाईंचे वास्तव्य असल्याकारणे घरात त्यांस जावईबापू म्हणत, सबब हकीकतीतही तेच नाव चालविले आहे. दुकान रविवारी बंद. म्हणोन राज्यक्रांत्या बहुतकरून रविवारी होत.

आरंभी त्यांचे संगणकावर चारचौघांचे असते तेच विकतचे राज्य, म्हणजे संगणक चालविणारी ऑपरेटिंग सिस्टीम, होते. परंतु आपले यंत्र, आपली वीज, आणि आत काय चालले हे आपणास पाहता येऊ नये, ही गोष्ट मनास लागली, आणि त्यांनी लिनक्सचे निशाण हाती धरिले. लिनक्स म्हणजे एक राज्य नव्हे. गाभा एक, त्यावर ज्यास जैसे रुचेल तैसे राज्य बांधावे आणि लोकांस फुकट वाटावे, ऐसा तो प्रकार, त्यामुळे राज्ये शेकड्यांनी, आणि प्रत्येकाचे भाट निराळे, आणि सर्व भाट एकमेकांवर चिडलेले.

प्रथम उबंटूचा अंमल बसविला. तो सर्वांस ठाऊक, म्हणोन चार महिन्यांत कमीपणा वाटो लागला. मग मिंटचा बसविला. तेथे आवाज, वायफाय, प्रिंटर, सर्व पहिल्याच दिवशी आपोआप चालले आणि जावईबापूंस करावयास काही उरले नाही, हा अपमान सोसवेना. मग डेबियन, तेथे सात आठवडे काहीच मोडले नाही, तेणेकरोन जावईबापू खंगले आणि दोन घास कमी जेवो लागले. मग फेडोरा, आणि मग आर्च. हा आर्चचा अंमल तीन रविवार खपोन, ओळ ओळ हाताने लिहोन बसविला, आणि बसविला हे वर्तमान गिऱ्हाइकांस, शेजाऱ्यांस, केस कापणाऱ्यास, कोणी न पुसता कळविले. मग ज्यात खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसतात ऐसे एक, आणि मग ज्यात माउसास मज्जाव ऐसे एक. येणेप्रमाणे लहानथोर धरोन तेरा. चौदाव्याचे नाव लिहीत नाही, कारण ते राज्य जगात अवघे बावीस लोक वापरतात, आणि बाविसांचे आपसात पटत नाही.

हे चौदावे निवडिले तेही अंदाजपंचे नव्हे. एकेचाळीस ओळींचा तक्ता मांडिला, त्यात कोणते राज्य किती सेकंदांत उभे राहते, किती मेमरी खाते, अक्षराच्या कडा किती गोल दिसतात, हे सर्व रकान्यांत भरले, आणि ऐसे सिद्ध जाहले की चौदावे राज्य तेराव्याहून चार सेकंद आधी उभे राहते. हे चार सेकंद वाचविण्यास चार रविवार लागले.

याच्या बरेच महिने आधी दुसरी एक मसलत मनी आली होती. जगातील यच्चयावत कीबोर्डांवर अक्षरांची मांडणी एकच, वरच्या ओळीत डावीकडे क्यू, मग डब्ल्यू, मग ई. ही मांडणी जुन्या टाइपरायटरांच्या काळची, तिची चाकरी आपण का करावी, ऐसे म्हणोन त्यांनी ड्वोराक नामे दुसरी मांडणी धरिली, ज्यात तीच अक्षरे भलत्याच जागी बसतात परंतु बोटांस चालणे कमी पडते. सहा महिने रोज सकाळी अर्धा तास तालीम केली, आणि नवी बोटांत बसली, आणि जुनी पुरती विसरली. मग अक्षरांकडे पाहोन लिहिणे हे नवशिक्याचे लक्षण, ऐसा एके ठिकाणी शेरा वाचोन, कीबोर्डाच्या जुन्या टोप्या उपटोन भंगारात दिल्या आणि कोऱ्या काळ्या टोप्या बसविल्या. दिवसभर लोकांस अक्षरे वाचा म्हणणाऱ्या पुरुषाने आपल्या घरी एक अक्षर शिल्लक ठेविले नाही.

तो कीबोर्ड पाहोन सासूबाई एवढेच म्हणाल्या, “अक्षरं कुठं गेली? धुतलंत का काय याला?”

सासूबाई म्हणजे सामान्य असामी नव्हे. एकतीस वर्षे सरकारी कचेरीत टंकलेखिका, अखेरची नऊ वर्षे मुख्य टंकलेखिका, हाताखाली सहा मुली. संगणकास त्या मानीत नसत. कळ दाबली आणि कागद वर सरकला नाही तर लिहिले कशावर, हा त्यांचा सवाल, आणि यास आजवर कोणी समर्पक उत्तर दिले नव्हते. संगणकाचे मेज आणि त्यांची आरामखुर्ची एकाच दालनात, त्यांमध्ये अडीच हातांचे अंतर, आणि त्या सरहद्दीवर तीन वर्षे शांतता नांदत होती. ती शांतता म्हणजे सासूबाईंचे शब्दकोडे.

आता बाईसाहेबांचे प्रकरण. जावईबापूंची पत्नी, घरात बाईसाहेब, मोहल्ल्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. त्या वाचनालयात मुलांची म्हणोन एक खोली. बारा खुर्च्या, दोन लांब मेजे, सात कपाटे. समितीच्या मनात आले की ही खोली मोडोन तेथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवावे. बाईसाहेबांनी ती खोली अकरा वर्षे जपिली होती. त्यांनी दोन महिने खपोन बत्तीस पानांचा मसुदा रचिला. कोण मूल येते, काय वाचते, किती वेळ बसते, घरी का बसत नाही. रविवारी दुपारी चार वाजता समिती बसणार, तो मसुदा पाहणार, आणि त्याच बैठकीत निकाल देणार, ऐसे ठरले होते. मसुदा नाही तर खोली नाही.

आणि हा मसुदा जगात एके ठिकाणीच होता, तो जावईबापूंच्या संगणकात. याचे कारण ऐसे की, बाईसाहेबांच्या लॅपटॉपाचा पडदा आठवडाभरापूर्वी फुटला, तो दुरुस्तीस धाडणे आले, तेव्हा जावईबापूंनी प्रवचन केले की घरचा मजकूर परक्याच्या हाती जाऊ नये, आणि लॅपटॉपावरील फाईल आपल्याकडे घेऊन तेथील पुसोन टाकिली. बाईसाहेबांनी ती इंटरनेटावर कोठे साठवावी म्हटले, तर दुसरे प्रवचन केले की ते सर्व्हर आपले नव्हेत, लोकांचे आहेत. आपली फाईल आपल्या डिस्कवर, आणि डिस्क कुलूपबंद. कुलूप ऐसे की संगणक चालू करिताच दरवाजावर परवलीचा शब्द विचारावा, तो बरोबर लिहिला तरच आत घ्यावे, आणि लिहिताना अक्षरांऐवजी नुसते तारे दिसावे. मग अखेरची नऊ पाने बाईसाहेबांनी येरझाऱ्या घालीत तोंडी सांगितली, आणि जावईबापूंनी कोऱ्या कीबोर्डावर दहा बोटांनी झरझर लिहिली, आणि त्या आठवड्यात पती-पत्नींत जितके बोलणे जाहले तितके गेल्या वर्षात जाहले नव्हते.

जावईबापूंच्या जवळ नकला नव्हत्या ऐसे नव्हे. आपल्या पडद्याचा रंग, खिडक्यांच्या कडांची जाडी, घड्याळ कोणत्या कोपऱ्यात, या सर्वांच्या बारीकसारीक फाइली त्यांनी तीन निरनिराळ्या जागी जतन केल्या होत्या. मसुद्याची नक्कल करणे राहिले होते.

रविवारी सकाळी दहास बाईसाहेब वाचनालयी खुर्च्या मांडावयास निघाल्या, आणि उंबऱ्यात उभे राहोन हुकूम सुटला की फाईल दोनच्या आत वाचनालयाच्या पत्त्यावर ईमेलने पाठवावी, तेथे छापून घेऊ, आणि तोवर संगणकास नवा उद्योग लावू नये.

“अहो, काही म्हणजे काही करायचं नाही त्याला. नुसती फाईल पाठवायची. आत्ताच पाठवा ना.”

“पाठवतो गं. चहा तर होऊ दे.”

चहा जाहला. जावईबापू खुर्चीत बसले, फाईल समोर दिसो लागली, एक बटण दाबावयाचे अंतर, आणि इतक्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका दिसला. ठिपक्याचा अर्थ, अपडेट आले आहे. अन्य माणसास ठिपका दिसतो आणि तो विसरतो. जावईबापूंची जात निराळी. शिळ्या राज्यातून ताजा खलिता पाठविणे त्यांस प्रशस्त वाटेना. आणि हुकूम नव्या उद्योगाचा होता, अपडेट हा तर जुनाच उद्योग, ऐसा न्याय मनाशी करोन त्यांनी आज्ञा दिली. चारशे बारा कलमे उतरली, आणि गाभा बदलला, आणि यंत्र म्हणाले, एकदा बंद करोन चालू करा. ते केले.

दरवाजा आला. परवली विचारिली. जावईबापूंनी दहा बोटांनी एका दमात लिहिली.

दरवाजा म्हणाला, चूक.

मग दुसऱ्यांदा लिहिली, मग तिसऱ्यांदा सावकाश लिहिली, आणि तिन्ही वेळा चूक ठरोन दरवाजा पुरता मिटला, आणि यंत्र पुन्हा बंद करोन चालू करणे आले. साडेदहापासोन बारापर्यंत ऐसे अकरा हल्ले चढविले. मोठ्या अक्षरांत लिहोन पाहिले, आकड्यांची कळ दाबोन पाहिले, कीबोर्डाची वायर दुसऱ्या भोकात खुपसोन पाहिली, कीबोर्ड उपडा करोन झटकला, तेव्हा त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, परंतु दरवाजा उघडला नाही. बंद करोन चालू करावे, ही मसलत सासूबाईंनी शब्दकोड्यातून मान न काढता दिली.

“अकरा वेळा केलंय, आई.”

“मग बाराव्यांदा करा. आमचा शिपाई असंच करायचा पंख्याला.”

बारास बाईसाहेबांचा फोन आला. त्यांनी पुसले, फाईल आली नाही. जावईबापूंनी कळविले की काम मार्गी लागले आहे, थोडे अपडेट चालू आहे.

“अपडेट?” बाईसाहेब म्हणाल्या. “मी काय सांगून गेले होते?”

“होतंय, होतंय. दोनच्या आत येईल.”

फोन ठेविला. मग जावईबापूंनी कुमक मागितली. चौदाव्या राज्याच्या बावीस लोकांचा एक फोरम, तेथे त्यांनी फोनवरून खलिता धाडिला, त्यात यंत्राची जात, गाभ्याचा आकडा, घडला प्रकार, सर्व अदबीने लिहिले. पंधरा मिनिटांत उत्तर आले की प्रश्न चुकीच्या विभागात टाकिला आहे. मग योग्य विभागात टाकिला. उत्तर आले की माहितीपान आधी वाचावे. कोणते पान, ऐसे विचारिले तर उत्तर आले की ज्यास पान सापडत नाही त्याने हे राज्य वापरोच नये. मग एकाने पुसले की डिस्क कुलूपबंद करण्याची गरजच काय होती, दुसऱ्याने पुसले की कुलूप नसता लोकांस झोप कैसी येते, आणि त्या दोघांत जुंपली, आणि जावईबापूंचा खलिता त्या धुळीत दिसेनासा जाहला. येणेप्रमाणे अंगठ्याने अकरा खलिते लिहिले. अखेरीस जुनाखोड नामे एक मातबर असामी, ज्याचा शब्द तेथे अखेरचा, त्याने निकाल दिला की कुलपाचा मथळाच, म्हणजे परवली ओळखणारा भागच, बिघडला असावा, डेटा गेला समजावे, सर्व पुसोन नवे बसवावे. आणि बसवावयाचेच तर हे बसवू नये, आपण तर महिन्यापूर्वीच दुसरे धरिले.

आता एक गोष्ट लिहावयाची नव्हती, परंतु हकीकत म्हटली की लिहिणे आले. मेजाच्या खणात एक पेनड्राइव्ह होता, आणि त्यात पंधरावे राज्य भरोन तयार होते. चौदावे अखेरचे ऐसा पण केल्यास सतरा दिवस जाहले होते. पंधरावे केवळ पाहण्यासाठी, ऐसे जावईबापूंनी स्वतःस सांगितले होते.

दोन वाजोन गेले. फोन वाजला, तो उचलवेना. मग जावईबापूंनी पेनड्राइव्ह खुपसला, आणि पंधरावे राज्य मोठ्या डौलाने उभे राहिले, पडद्यावर डोंगराचे सुरेख चित्र आले, आणि नम्रपणे सवाल आला की संपूर्ण डिस्क पुसोन टाकू काय. खाली दोन बटणे. हा सवाल जावईबापूंनी चौदा वेळा ऐकिला होता आणि चौदाही वेळा होय म्हणताना अंगावर रोमांच आले होते. नवे राज्य म्हणजे सर्व चुका माफ. त्यांनी मनाशी योजिले की पुसावे, मग मसुदा आठवोन पुन्हा लिहावा. नऊ पाने तर आपल्याच बोटांतून गेली आहेत.

आणि आठवो लागले. आठवले एकच वाक्य. ते सांगताना बाईसाहेब येरझारा थांबवोन खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या, आणि म्हणाल्या होत्या, लिहा, या खोलीत येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी टेबल नाही. तेव्हा जावईबापूंनी ते लिहिले, आणि चारही बाजूंनी आपल्या टेबलाकडे पाहिले.

बाकी बत्तीस पाने आठवली नाहीत.

हात माउसावरून निघाला. पेनड्राइव्ह ओढून काढिला, यंत्र बंद करोन चालू केले, आणि पुन्हा त्याच दरवाजासमोर येऊन बसले. आता हल्ला नाही, मसलत नाही, नुसता हट्ट. परवलीचे एकेक अक्षर तोंडातल्या तोंडात म्हणावे आणि एकेक कळ दाबावी, ऐसे अगदी हळू चालविले. दालनात दुसरा आवाज नव्हता, आणि शब्दकोडे केव्हाच बाजूस ठेविले गेले होते, ते त्यांस कळले नाही.

“जावईबापू, काय लिहिताय हो हे?”

“आई, तो गुप्त शब्द असतो. सांगायचा नसतो.”

“शब्द नाही विचारत. पहिलं अक्षर एच म्हणालात ना आत्ता?”

“हो.”

“मग बोट जेवर कशाला गेलं?”

जावईबापूंनी खाली पाहिले. कीबोर्ड कोरा.

“पुढचं ई म्हणालात आणि दाबलंत डी,” सासूबाई उठोन अडीच हातांची सरहद्द ओलांडीत म्हणाल्या. “माझ्या हाताखाली सहा पोरी होत्या. एक तर नवरा सोडून आली होती, दिवसभर रडायची. तिच्याही इतक्या चुका नव्हत्या.”

“चुका नाहीत, आई. ही ड्वोराक मांडणी आहे. यात एच तिथंच असतो.”

“असेल. तुम्हाला माहीत आहे.” सासूबाईंनी पडद्याकडे बोट केले. “त्याला माहीत आहे का?”

येथे जावईबापूंनी कोऱ्या टोप्यांवरून पडद्याकडे पाहिले. मग मस्तकात एकेक दिवा लागला. परवली ठेविली तेव्हा दरवाजास नवी मांडणी शिकविली होती. आज गाभा बदलला, त्या धामधुमीत दरवाजा ती शिकवण विसरला आणि जगाच्या जुन्या मांडणीवर परत गेला. आपण एच म्हणोन दाबतो, तो जे ऐकतो. आणि तारे सर्व अक्षरांस सारखेच दिसतात. परवली शाबूत, कुलूप शाबूत, मसुदा शाबूत. जुन्या मांडणीने लिहिले की दरवाजा उघडणार.

परंतु जुनी मांडणी कोणास येते? सहा महिने तालीम करोन ती बोटांतून उपटोन काढिली, आणि टोप्यांवरून उपटोन भंगारात दिली.

“आई,” जावईबापू म्हणाले, आणि आवाज दुकानातील नव्हता, “एच कुठं असतो?”

“उठा,” सासूबाई म्हणाल्या.

मग ज्या खुर्चीत तीन वर्षे दुसरे कोणी बसले नव्हते त्या खुर्चीत सासूबाई बसल्या. प्रथम उंचीची उशी मागितली, ती दिली. मग चष्मा, जो जावईबापूंनीच करोन दिला होता, काढोन पदरास पुसला आणि परत डोळ्यांस न लाविता मेजावर ठेविला. कोऱ्या टोप्यांचे काय, ऐसे जावईबापूंनी भीत भीत पुसले.

“आमच्या क्लासात कळांवर कापड टाकून शिकवायचे. खाली बघणाऱ्याच्या हातावर पट्टी. हे बरं आहे, कापडाचा खर्च नाही.” त्यांनी दोन्ही तर्जन्यांनी चाचपडोन मधल्या ओळीतील दोन बारीक उंचवटे शोधिले. “हा एफ, हा जे. बसले हात. सांगा मजकूर.”

आणि ऐन याच मुहूर्तावर दार उघडोन बाईसाहेब आत आल्या. वाचनालय दहा मिनिटांच्या वाटेवर. त्या सहा मिनिटांत आल्या होत्या. घड्याळात तीनला दहा कमी. आपली आई संगणकापुढे आणि आपला नवरा बाजूस हात जोडल्यासारखा उभा, हे दृश्य पाहोन त्या चपला काढावयाच्या विसरल्या.

“फोन का उचलत नाही हो? माझी फाईल कुठं आहे?”

“आत आहे,” जावईबापू म्हणाले. “सगळी आहे. फक्त दार.”

“मजकूर,” सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी शब्द लपविण्याच्या इराद्याने अक्षरे एकेक सांगावयास आरंभिली, परंतु सासूबाईंनी हात वर घेतले आणि सांगितले की आपण शिकाऊ नव्हे, साहेब लोक आम्हास वाक्ये सांगत, सबब शब्द सांगावा. जावईबापूंनी एकवार पत्नीकडे पाहिले, एकवार घड्याळाकडे पाहिले.

“हेच,” ते म्हणाले.

“हं.”

“शेवटचे. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.”

बोटे चालली. “व्ही का डब्ल्यू?”

“व्ही.”

“पुढं?”

जावईबापू खाली पाहो लागले. “पुढं आकडा. चौदा.”



“चौदा?” बाईसाहेब म्हणाल्या. “मला पाच सांगितले होते.”

“पाच महत्त्वाचे.”

“म्हणजे आधी तेरा होता? आणि त्याच्या आधी बारा? दर वेळी हेच शेवटचे?”

“शब्द तोच असतो,” जावईबापूंनी अर्ज केला. “आकडा बदलतो.”

सासूबाईंनी करंगळीने अखेरची कळ अशी दाबिली की जणू काही एकतीस वर्षांचे टपाल एकदम रवाना केले. आणि दरवाजा उघडला. पहिल्याच हल्ल्यात. तीनला आठ कमी असता चौदावे राज्य आपल्या सर्व चारशे बारा कलमांनिशी उभे राहिले, आणि बत्तीस पानांचा मसुदा जेथला तेथे होता. बाईसाहेब पुढे होऊन पडद्यावर हात ठेवोन राहिल्या. रागास अजून वेळ होता, रडण्यास नव्हता, म्हणोन त्या नुसत्या म्हणाल्या, “आई, थांब, उठू नकोस. तूच बस तिथं.”

मग जावईबापूंनी फाईल ईमेलने पाठविली, आणि ती पोचली ऐसे वाचनालयातील शिपायाने फोनवर कळविले, तरी बाईसाहेबांचा इंटरनेटावर आणि नवऱ्यावर, दोहोंवर विश्वास उरला नव्हता, सबब त्यांनी एक नक्कल हातात मागितली. मेजावर पेनड्राइव्ह पडला होता.

“हा रिकामा आहे ना?”

जावईबापू घटकाभर त्याकडे पाहत राहिले. त्यात डोंगराचे सुरेख चित्र होते, आणि ते राज्य चौदाव्याहून दोन सेकंद आधी उभे राहत होते. “एक मिनिट,” ते म्हणाले. “करतो रिकामा.” आणि पंधरावे राज्य एकही दिवस अंमल न करिता आपल्या धन्याच्या हाते निकालात निघाले, आणि त्या जागी मुलांच्या खोलीचा मसुदा बसला.

समिती चार वाजोन दहा मिनिटांनी बसली. सात असामी; पैकी दोघांनी मसुदा वाचिला, तिघांनी चाळिला, एकाने पाने मोजली, आणि अध्यक्षांनी नवव्यांदा चष्मा पुसोन अखेरच्या पानांतील एक वाक्य मोठ्याने वाचोन दाखविले. ते निम्म्या मुलांच्या घरी टेबल नाही, हेच. ठराव जाहला की मुलांची खोली एक वर्ष आहे तैसी चालवावी, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांस सातांपैकी एक कपाट द्यावे, आणि वर्षअखेर पुन्हा पाहावे. बाईसाहेबांनी ते कपाट रिकामे करावयास उद्याचा वायदा दिला आणि बारा खुर्च्या पुन्हा मेजांशी लाविल्या.

सायंकाळी घरी तह जाहला. त्याअन्वये यापुढे राज्य बदलावयाचे तर बाईसाहेबांची सही लागेल, आणि तांबड्या ठिपक्यास त्या घरी असल्याखेरीज कोणी हात लावणार नाही, आणि घरातील प्रत्येक फाइलीची नक्कल लोकांच्या सर्व्हरावरही राहील, मग सर्व्हर कोणाचे का असेनात. जावईबापूंनी दोन कलमांवर हरकत घेऊ पाहिली. बाईसाहेबांनी नुसते “चौदा” म्हटले, आणि हरकत मागे घेतली गेली. सासूबाईंनी मोबदला मागितला नाही. त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापिले, त्यांवर आपल्या वळणदार हाताने अक्षरे लिहिली आणि कोऱ्या टोप्यांवर जुन्या मांडणीने एकेक डकविली, म्हणजे दरवाजा पुन्हा विसरला तर कोणाची आई बोलवावी लागू नये. अक्षरे बारीक आहेत. खालची ओळ जावईबापूंस चष्म्यावाचोन वाचता येत नाही.

येणेप्रमाणे चौदाव्या अंमलाच्या अठराव्या दिवशी बंद दरवाजा सर करोन मसुदा सुखरूप बाहेर काढिला, खोली राखिली, आणि फत्ते जाहली. फत्तेचा मान सासूबाईंचा, ही नोंद बाईसाहेबांच्या आग्रहावरून केली असे. तेव्हापासोन आरामखुर्ची दीड हात पुढे सरकली आहे, आणि कोणी हरकत घेतलेली नाही.

सोमवारी दुकानी गिऱ्हाईक नसता जावईबापूंनी फोरमावर विजयाचे वृत्त कळवावे म्हणोन फोन हाती घेतला, आणि अंगठा वरच्या वर थांबला. रविवारी बारापासोन दोनपर्यंत ज्यावर अकरा खलिते लिहिले, त्या फोनच्या पडद्यावर अक्षरे जुन्याच मांडणीने, क्यूपासोन एमपर्यंत, छापलेली होती.